नियम, निवाडा आणि फासा : युद्धखेळांच्या संहितेचे वाचन

सटाण्याच्या पश्चिमेला, बागलाणची भूमी जेथे डांगच्या अरण्याला भिडते तेथे, साल्हेरचा किल्ला उभा आहे. 1567 मीटर उंचीचा हा किल्ला महाराष्ट्रातील गडांमध्ये सर्वांत उंच. 1672 च्या आरंभी त्याच्या परिसरात मराठे आणि मोगल यांच्यात उघड्या मैदानावर जे युद्ध झाले, त्याचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने 1694 मध्ये जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत केले आहे. चार प्रहर चाललेल्या त्या युद्धात इतका धुरळा उडाला की तीन कोसांच्या टापूत आपला कोण आणि परका कोण हे ओळखू येईना, असे सभासद सांगतो. या धुरळ्यात सूर्यराव काकडे जंबुऱ्याचा गोळा लागून पडतो आणि बखरकार त्याला महाभारतातील कर्णाच्या तोलाचा योद्धा म्हणतो.

ही उपमा बखरीच्या रूढ अलंकरणाचा भाग म्हणून सोडून देता येईल; आजवर बहुधा तसेच झाले आहे. परंतु ती अधिक बारकाईने वाचण्यासारखी आहे. कर्णाचा मृत्यू हा महाभारतातील युद्धनियमांविषयीच्या सर्वांत कडवट वादाचा विषय आहे. चाक रुतलेले, रथाखाली उतरलेला, थांबण्याची विनंती करणारा योद्धा मारावा की नाही, हा तो वाद. जंबुऱ्याच्या गोळ्याला असा कोणताही वाद ठाऊक नाही. तो रथी आणि पदाती यांत भेद करीत नाही, सावध आणि बेसावध यांतही करीत नाही. जेथे नियमाला जागाच उरलेली नाही अशा मरणाला कर्णाचे नाव देऊन सभासद त्याला पुन्हा नियमाच्या कक्षेत आणून ठेवतो. युद्ध ज्या अवस्थेत लढले जाते ती आणि ज्या अवस्थेत सांगितले जाते ती, या दोहोंत अंतर असते. युद्धाचा नियम हा पुष्कळदा दुसऱ्या अवस्थेचा, म्हणजे निवेदनाचा, घटक असतो. (साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाचे, म्हणजे कर्णाला अस्त्रविद्या देणाऱ्या आणि ऐनवेळी ती विसरशील असा शाप देणाऱ्या गुरूचे, देऊळ आहे. सभासदाच्या मनात ते असेल असा माझा दावा नाही.)

प्रस्तुत लेखाचा विषय साल्हेरची लढाई हा नाही. ज्यात लढणे आणि सांगणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच मेजाभोवती, त्याच माणसांनी करायची असतात अशा एका आधुनिक खेळप्रकाराच्या संहितेकडे आपल्या परंपरेतील अन्वयशास्त्राच्या साहाय्याने पाहावे, असा येथे प्रयत्न आहे. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा त्या प्रकारातील आद्य खेळ. त्यात पट नसला तरी चालतो. प्रत्येक खेळाडू एक भूमिका घेतो: योद्धा, मांत्रिक, पुरोहित. एक जण सूत्रधार होतो. तो भोवतालच्या अद्भुत जगाचे वर्णन करतो आणि खेळाडू आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात. वार लागला की नाही हे फाशाने ठरते. सूत्रधार हा शब्द येथे मी सहेतुक वापरीत आहे. नाटकाच्या सूत्रधाराच्या हाती दोरी असते अशी कल्पना आहे. या खेळातील सूत्रधाराच्या हाती सूत्रे, म्हणजे नियम, असतात, आणि सूत्रांना भाष्य लागतेच.

या खेळाचे मूळ परीकथेत नसून लष्करी शिक्षणात आहे. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेओर्ग फॉन राइसवित्झ याने 1824 मध्ये 'क्रीगश्पील' म्हणजे युद्धखेळ या नावाने नियमांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. बुद्धिबळाच्या घरांऐवजी त्याने नकाशा वापरला. एक डाव म्हणजे दोन मिनिटांचा काळ, गोळीबाराचे परिणाम फाशांनी आणि कोष्टकांनी ठरायचे, आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच. शत्रू कोठे आहे हे खेळाडूला पंचाकडूनच आणि दिसेल तेवढेच कळणार. बुद्धिबळात दोन्ही सैन्ये दोघांनाही दिसतात. येथे साल्हेरचा धुरळा खेळात आला. पुढे नियम इतके वाढले की कोष्टके पाहण्यातच वेळ जाऊ लागला. 1873 मध्ये याकोब मेकेलने त्यावर टीका केली आणि 1876 मध्ये यूलियस फॉन व्हेर्डी द्यु व्हेर्न्वाने फासा आणि कोष्टके दोन्ही बाजूला सारून अनुभवी पंचाचा निवाडा हाच नियम, अशी भूमिका घेतली. नियमाचे अक्षर की नियम जाणणाऱ्याचा विवेक, हा प्रश्न येथे प्रथम उघडपणे मांडला गेला.

त्याच दशकात सटाण्यात या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर दिले गेले होते, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. 1870-71 च्या दुष्काळात सटाण्याचे मामलेदार यशवंत महादेव भोसेकर यांनी सरकारी खजिना उपाशी रयतेला वाटून टाकला. सांगितली जाणारी रक्कम 1 लाख 27 हजार रुपयांची आहे. देवमामलेदार म्हणून त्यांची यात्रा सटाण्यात आजही भरते. आख्यायिका मात्र एवढ्यावर थांबत नाही. तपासणी झाली तेव्हा खजिना पै-पैशासह भरलेला निघाला, असे ती सांगते. म्हणजे लोकमानसाला मामलेदाराचा विवेक तर हवाच आहे, पण नियम मोडलेला राहणे त्याला सोसत नाही. ताळेबंद जुळलाच पाहिजे. व्हेर्डीच्या मुक्त पंचाला हा प्रश्न पडला नव्हता. पुढे अमेरिकन खेळाडूंना तो पडला.

चार्ल्स टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याचे 1880 मधील 'स्ट्रॅटेगॉस' हे पुस्तक मिनेसोटातील डेव्ह वेझ्लीच्या हाती पडले आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्याने सर्वाधिकारी पंचाची कल्पना छंद म्हणून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत पुन्हा आणली. आर्नेसन त्याच मंडळींतला. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' या 1971 च्या मध्ययुगीन लढायांच्या नियमपुस्तकाला अद्भुताची पुरवणी जोडलेली होती. 1974 चा खेळ या दोन धारांच्या संगमातून आला. त्यात लढाईसाठी 'चेनमेल'चे नियम गृहीत धरून, पर्याय म्हणून वीस बाजूंच्या फाशाचे एक कोष्टक दिले होते. नवशिक्या योद्ध्याला चिलखत नसलेल्यावर वार लागण्यासाठी 10 किंवा अधिक, पूर्ण चिलखत व ढाल असलेल्यावर 17 किंवा अधिक दान पडावे लागे. हा पर्यायच पुढे मुख्य नियम झाला. उपनियमाने मूळ नियमाची जागा घेण्याचा हा प्रकार धर्मशास्त्राच्या वाचकांना अपरिचित वाटू नये.

धर्मशास्त्राचे नाव निघाले आहे तर नीलकंठभट्टाकडे वळू. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातला हा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील पंडित. शंकरभट्टाचा पुत्र आणि हाडाचा मीमांसक. त्याच्या 'भगवन्तभास्कर' या ग्रंथाचे बारा मयूख आहेत. त्यांतील 'नीतिमयूखा'त राजनीतीच्या विवेचनात बुद्धिबळाचे नियम सांगितलेले आहेत. त्याच ग्रंथातील 'व्यवहारमयूख' मात्र कायद्याच्या जगात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने पश्चिम भारतातील हिंदू कायद्यासाठी त्याला प्रमाण मानले आणि पांडुरंग वामन काणे यांनी 1926 मध्ये त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथातील वारसाहक्काचा नियम न्यायाधीशांनी आणि वकिलांनी शतकभर शब्द न् शब्द कीस काढून वाचला, आणि प्याद्याचा नियम कोणीही तसा वाचला नाही. प्याद्याचा नियम वाचावा लागत नाही, तो पाळला जातो. बुद्धिबळात एखादी चाल एक तर शास्त्राला धरून असते किंवा नसते. अन्वयाला वाव नसतो. वारसाचे तसे नाही, कारण माणसे नियमाने कल्पिलेल्यापेक्षा अधिक प्रकारांनी जन्मतात आणि मरतात. 1974 च्या खेळाने केले ते एवढेच की प्याद्याला वारसासारखे वागू दिले. प्यादे बोलू लागले: मी सरळ जात नाही, मी भिंतीवर चढतो, मी शत्रूच्या डोळ्यांत माती फेकतो. अशा क्षणी खेळाचा नियम पटावरून उठून न्यायालयात जातो.

येथे मीमांसकांची एक जुनी वर्गवारी उपयोगी पडते. जे अन्य कोणत्याही मार्गाने कळलेले नाही ते सांगणारा तो अपूर्वविधी. जेथे दोन मार्ग संभवतात आणि त्यांतला एकच घ्यावा असे सांगितले जाते तो नियमविधी; भाताची टरफले नखांनीही निघतील, पण ती कांडूनच काढावीत, हे त्याचे ठरलेले उदाहरण. जेथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी प्राप्त आहेत आणि वाक्याचा रोख त्यांतली एक वगळण्यावर आहे ती परिसंख्या. पाच नखांचे पाच प्राणी भक्ष्य आहेत, या वचनाचा अर्थ ते खावेत असा नसून इतर खाऊ नयेत असा आहे. याखेरीज विधी नव्हेच, तर विधीची स्तुती किंवा निंदा करणारे वाक्य, तो अर्थवाद.

आता भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही सैन्यांनी केलेला करार पाहा. रथीने रथीशी, गजारूढाने गजारूढाशी, अश्वारूढाने अश्वारूढाशी, पदातीने पदातीशी लढावे. शब्दांनी लढणाऱ्याशी शब्दांनीच लढावे. सैन्यातून बाहेर पडलेल्याला, दुसऱ्याशी झुंजत असलेल्याला, बेसावध असलेल्याला, पाठ फिरवलेल्याला, शस्त्र किंवा चिलखत गमावलेल्याला मारू नये. सारथी, वाहने, शस्त्रे वाहणारे, शंख-भेरी वाजवणारे यांवर प्रहार करू नये. या यादीचे पहिले कलम आणि पुढील कलमे एकाच जातीची आहेत काय? वरवर तशी दिसतात. पण संहिता पुढे कशी वागते ते पाहिले तर फरक स्पष्ट होतो. रथी पदातींची पथकेच्या पथके कापून काढतात, हत्ती घोडदळ तुडवतात, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. उलट सात्यकीशी झुंजणाऱ्या भूरिश्रव्याचा हात अर्जुनाने तोडला तेव्हा भूरिश्रवा त्याला जाब विचारतो. शस्त्र खाली ठेवलेल्या द्रोणाचा धृष्टद्युम्नाने वध केला तेव्हा पांडवांच्या स्वतःच्या गोटात भांडण पेटते. म्हणजे 'रथीने रथीशी' हे कलम महाभारताच्या संहितेने परिसंख्या म्हणून वाचलेलेच नाही. समोर रथी असेल तर त्याला टाळून पदाती मारण्यात भूषण नाही एवढाच त्याचा अर्थ. तो फार तर नियमविधी, कदाचित अर्थवादच. नि:शस्त्राविषयीचे कलम मात्र निषेध म्हणून वाचले गेले. नियम कोणत्या जातीचा हे त्याच्या वाक्यरचनेवरून नव्हे, तो मोडल्यावर कोण तक्रार करते यावरून कळते. तक्रार हा अन्वयाचा पुरावा असतो.

मेजावरील खेळात हेच रोज घडते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 च्या आवृत्तीत द्रुइड, म्हणजे निसर्गपूजक पुरोहित, या वर्गाविषयी एक वाक्य आहे: ते धातूचे चिलखत किंवा ढाल वापरणार नाहीत. 'वापरू नये' किंवा 'वापरता येत नाही' असे नाही, 'वापरणार नाहीत'. वापरले तर काय होईल, हे नियमपुस्तक सांगत नाही. यावर खेळाडूंनी जो काथ्याकूट केला तो पूर्वमीमांसेच्या अधिकरणात शोभला असता. विध्यर्थ क्रियापद नाही म्हणून हा विधी नव्हे, असे एकाचे म्हणणे. चिलखतांच्या यादीतच हे वाक्य आले असल्याने प्रकरणाच्या बळावर तो निषेधच, असे दुसऱ्याचे. प्रकाशकाकडून आलेल्या खुलाशात आधी विनोदाने द्रुइडाचा स्फोट होतो असे म्हटले होते आणि मग तो स्फोट होत नाही, हे त्या पंथाचे व्रत आहे, असे स्पष्टीकरण होते. व्रत म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. उपवासाच्या दिवशी भात खाल्ला तर घशाखाली उतरत नाही असे थोडेच आहे?

गदायुद्धाचा प्रसंग याहून गुंतागुंतीचा आहे. नाभीच्या खाली प्रहार करू नये हा नियम भीष्मपर्वातील करारात नाही. तो गदाशास्त्राचा नियम म्हणून प्रसंगी पुढे येतो, आणि तो पुढे आणतो बलराम, जो लढणाऱ्या दोघांचाही गुरू आहे. खेळाच्या भाषेत तो पंच. त्याच्या विरुद्ध कृष्णाचा युक्तिवाद नियमाच्या अर्थावर नाहीच. भीमाने सभेत प्रतिज्ञा केली होती, मैत्रेय ऋषीने दुर्योधनाला शाप दिला होता, असे तो सांगतो. कर्णाच्या वेळीही त्याने हेच केले होते: द्रौपदीला सभेत ओढून आणले तेव्हा तुझा धर्म कोठे होता? बलराम एकच डाव पाहतो. कृष्ण आधीचे सगळे डाव मोजतो. बलरामाचे समाधान होत नाही. भीम कपटाने लढणारा म्हणून ओळखला जाईल, असे बजावून तो द्वारकेला निघून जातो. दुर्गा भागवतांच्या 'व्यासपर्वा'पासून (1962) आणि इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'पासून (1967) आपल्या समीक्षेने या व्यक्तिरेखांचा नैतिक आणि मानवी अंगाने पुष्कळ विचार केला. त्यांच्यातील वादाचे स्वरूप मुळात अन्वयपद्धतींचा वाद असे आहे, इकडे मात्र तिचे लक्ष कमी गेले.

उलट दिशेने पाहिले तर आधुनिक खेळाची संहिता काही ठिकाणी धक्का देते. 1978 च्या 'प्रगत' आवृत्तीत निद्रामंत्राचा एक नियम आहे: मंत्राने झोपलेल्या शत्रूला आपोआप ठार करता येते, एका वारकऱ्याने एका फेरीत एक या गतीने. (वार करणारा तो वारकरी, मराठीत हा शब्द येथे वापरता येत नाही हे लिहितानाच लक्षात आले, तरी राहू द्यावा.) फासा टाकण्याचीही गरज नाही. हा अश्वत्थाम्याचा सौप्तिकपर्वातला अपराध, आणि येथे तो कोष्टकातील एक सोय म्हणून येतो. गायगॅक्सला क्रूर म्हणण्याचे कारण नाही. त्याची संहिता 'काय होऊ शकते' याचे नियम सांगते, 'काय करावे' याचे नाही. भीष्मपर्वाचा करार नेमका उलटा आहे. परंतु खेळताना सूत्रधार थबकतो, एखादा खेळाडू म्हणतो की माझा पुरोहित झोपलेल्यांना मारू देणार नाही, आणि जे संहितेत नव्हते ते मेजावर निर्माण होते. हान्स-गेओर्ग गाडामरने 1960 च्या 'सत्य आणि पद्धती' या ग्रंथात समजून घेणे आणि लागू करणे ही एकच क्रिया असल्याचे प्रतिपादन करताना न्यायाधीशाचा दाखला दिला होता, आणि त्याच ग्रंथात कलाकृतीच्या अस्तित्वप्रकाराचे विवेचन खेळाच्या आधारे केले होते. हे दोन दाखले प्रत्यक्षात एकत्र येतात ते अशा मेजाभोवती.

याच संहितेत प्रत्येक पात्राला काही अंक दिलेले असतात. प्रत्येक प्रहाराने ते कमी होतात आणि शून्याला मृत्यू. नवख्या योद्ध्याला सात-आठ, मुरलेल्याला ऐंशी-नव्वद. माणसाचे शरीर अनुभवाने दहापट चिवट कसे होईल, हा आक्षेप आलाच. 1979 च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात गायगॅक्सने उत्तर दिले की हे अंक केवळ रक्तमांसाचे नव्हेत. त्यांत कौशल्य आहे, अंतःप्रेरणा आहे, नशीब आहे, दैवी कृपा आहे. लढाईची एक फेरी एक मिनिटाची, तिच्यात अनेक वार-प्रतिवार गृहीत. म्हणजे 'आठ अंकांचा वार लागला' हे वाक्य जखमेचे वर्णन नाही, ते काहीतरी वेचले गेल्याची नोंद आहे. याला मराठीत 'प्राण' म्हणावे की 'बळ'? माझ्या मते सर्वांत जवळचा शब्द 'पुण्याई' हा आहे. पुण्याई साठते, खर्च होते, संकटातून निभावून नेते, आणि संपली की साध्या ठेचेनेही माणूस जातो.

पुण्याईचा हा हिशेब देवांनाही लावला गेला. रॉबर्ट कुन्ट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी 1976 मध्ये आणि पुन्हा 1980 मध्ये या खेळासाठी जगातील दैवतांचे कोश केले. त्यांत इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, काली ही भारतीय दैवतेही चिलखताच्या आणि प्राणांच्या आकड्यांसह आली. 1980 च्या ग्रंथात झ्यूस आणि ओडिन यांना प्रत्येकी 400 अंक आहेत. 1976 च्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात टिम कास्कने हेतू सांगितला होता तो असा की भरमसाट बलाढ्य पात्रे घेऊन खेळणाऱ्यांना देवांचे आकडे पाहून आपल्या खेळाची हास्यास्पदता कळावी. वाचकांनी उलटाच अर्थ काढला. ज्याला आकडा आहे तो शून्यावर आणता येतो. वेदातला वरुण आणि पुराणातला विष्णू एकाच कोष्टकात बसवण्यातली कालविसंगती अभ्यासकाला खटकेल. पण त्याहून मोठा घोटाळा असा की अवतार ही कल्पना या अंकगणितात मावतच नाही. कृष्णाला जरा व्याधाचा बाण लागतो तेव्हा कोणाचे किती अंक कमी होतात?

भारतीय विद्या जाणणारा एक माणूस या खेळाच्या पहिल्या पिढीतच होता. मिनेसोटा विद्यापीठातील एम. ए. आर. बार्कर हा उर्दूचा अध्यापक आणि बलोचीचा अभ्यासक. तरुणपणी तो भारतात राहून गेला होता. 1975 मध्ये त्याने 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यातील जग युरोपीय मध्ययुगावर बेतलेले नव्हते. जातिसदृश कुळे, मानमर्यादा आणि देवळांची स्पर्धा यांनी ते भरलेले होते. तेथे तलवार उपसण्याआधी समोरच्याच्या कुळाची चौकशी करावी लागे, म्हणजे 'रथीने रथीशी' हे कलम तेथे पुन्हा जिवंत झाले. बार्करने टोपणनावाने एक नवनाझी कादंबरीही लिहिली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर, 2022 मध्ये जाहीर झाले. त्याच्या खेळातील कुळांच्या उतरंडीकडे आता निरागसपणे पाहता येत नाही.

अधिकाराचा प्रश्न राहतो. 1974 च्या पुस्तिका वाचकाला सांगत होत्या की हे केवळ मार्गदर्शन आहे, उरलेले तुम्ही रचा. 1979 पर्यंत स्वर पालटला. सर्वत्र एकसारखे नियम पाळले जावेत असा आग्रह आला. स्पर्धा भरू लागल्या होत्या, पुस्तके खपत होती, आणि त्याच वर्षी आर्नेसनने मानधनाच्या हक्कावरून दावा लावला होता. त्याच सुमारास 'ड्रॅगन' मासिकात वाचकांच्या नियमविषयक शंकांना उत्तरे देणारे सदर सुरू झाले. सूत्रे, भाष्य, आणि आता निर्णयसंग्रह. 'व्यवहारमयूखा'ने जो प्रवास दोन-अडीच शतकांत केला तो येथे पाच वर्षांत झाला.

मुंबई-पुण्यात आज हे खेळ खेळणारे तरुणांचे गट आहेत. ते बहुतांशी इंग्रजीतून खेळतात, निवाडेही इंग्रजीत होतात. सटाण्यापासून फार दूर नसलेल्या सुरगाणा-पेठ भागात मात्र भूमिका घेऊन लढण्याची एक वेगळी रीत आहे. बोहाड्यात लाकडी किंवा कागदी लगद्याचे मुखवटे चढवून देवदानवांची सोंगे रात्रभर नाचतात. कोणते सोंग कोणी घ्यायचे हे बऱ्याच गावी घराण्याप्रमाणे ठरलेले असते. तेथेही युद्ध आहे, देवी आणि म्हैसासुर समोरासमोर येतात, आणि म्हैसासुर पडतो. फासा नाही, पंच नाही, कोष्टक नाही. वार केव्हा आणि किती करायचे हे संबळ ठरवते, आणि पुढल्या वर्षी म्हैसासुराचे सोंग पुन्हा त्याच घरातून निघते.